पाण्यावर अडीच हजार, शेतात दीडशे. मग शेत रिकामं म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याला (धरणामागे साचून पसरलेल्या पाण्याला) लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या शिक्षकांनी डिसेंबरातल्या एका रविवारी नववीच्या मुलांना घेऊन पक्षी मोजले. सकाळी पाण्यावर सुमारे २५०० पक्षी भरले, जाती २२. मग मळ्यांतून फिरून १५० पक्षी, जाती २६. मुलांनी तक्त्याखाली लिहिलं, ‘पाणथळ जागा पक्ष्यांसाठी महत्त्वाची, शेती नाही.’ सरांना ते पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. उसामुळे शेतातले पक्षी कमी झाले का आणि पुढच्या वेळी मोजणी कशी करावी, हेही त्यांनी विचारलं आहे.

सर, मुलांचा निष्कर्ष बदलावा लागेल, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच तक्त्यात आहे. पक्षी सोळापटीने कमी असूनही शेतात जाती जास्त निघाल्या. मुलांची नजर मोठ्या आकड्यावर थांबली, एवढंच झालं. तो मोठा आकडा कोणाचा, तेही बघा. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात २५०० पैकी १९०० नुसते वारकरी आहेत. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पक्षी हिवाळ्यात पाण्यावर असा पसरतो की लांबून बुक्का उधळल्यासारखा दिसतो. ते १९०० बाजूला काढले की पाण्यावर २१ जातींचे ६०० पक्षी उरतात. चित्र लगेच वेगळं दिसायला लागतं.

विपुलता आणि विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना फळ्यावर दाखवा. समजा एका तळ्यावर १००० पक्षी आहेत, जाती ५. त्यातली एक जात ८०० आणि बाकीच्या चार प्रत्येकी ५०. शेजारच्या रानात ५० पक्षी, जाती ५, प्रत्येकीचे १०. जाती दोन्हीकडे सारख्याच. पण डोळे मिटून एक पक्षी उचलला तर तळ्यावर तो बहुतेक वेळा त्याच एका जातीचा निघेल, रानात कोणता निघेल सांगता येणार नाही. हे सांगता न येणं म्हणजेच विविधता. शॅनन निर्देशांक तेच आकड्यात मांडतो: प्रत्येक जातीचा एकूणातला वाटा काढायचा, त्या वाट्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगरिदमने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि ऋण चिन्ह काढून टाकायचं. या उदाहरणात तळ्याचा निर्देशांक ०.७८ येतो आणि रानाचा १.६१. सोप्या भाषेत सांगायचं तर तळ्यावर जणू सारख्या संख्येच्या फक्त २.२ जाती आहेत आणि रानात पूर्ण ५. नववीच्या मुलांना लॉगरिदम आलेला नसतो, पण कॅल्क्युलेटरवर ते बटण असतं आणि मुलं ते आनंदाने दाबतात.

मात्र हा आकडा हातात आला म्हणून ‘शेत पाण्यापेक्षा चांगलं’ असंही लिहू देऊ नका. दोन्ही याद्या शेजारी ठेवून सामाईक जाती किती ते आधी मोजा. तुमच्या याद्यांत मला सात सामाईक दिसल्या. म्हणजे पाणी आणि शेत मिळून एका सकाळी ४१ जाती झाल्या, आणि यातलं काहीही एक काढलं तरी गावची यादी मोठ्या फरकाने तुटते. मुलांच्या तक्त्याखाली खरं तर हे वाक्य यायला हवं होतं.

आता वेळेबद्दल. तुम्ही साडेसहा ते साडेनऊ पाण्यावर होतात, मग डबे खाऊन दहा ते बारा मळ्यात फिरलात. हीच चूक मी सुरुवातीची तीन वर्षं केली. पाण्यावरचं बदक दुपारी बारालाही उघड्यावर बसलेलं दिसतं. शेतातला पक्षी मात्र सकाळच्या पहिल्या दोन-अडीच तासांत बोलतो, फिरतो, दिसतो. ऊन चढलं की तो बोरीच्या जाळीत, उसाच्या सावलीत जाऊन गप्प होतो. चंडोल सात वाजता आभाळात गात असतो आणि अकराला त्याच रानात ढेकळाआड असा दबतो की पायाखालून उडेपर्यंत कळत नाही. तुमचे १५० हे शेतातले एकूण पक्षी नव्हेत, ते शेतातले अकरा वाजता दिसलेले पक्षी आहेत.

पण वेळेपेक्षाही मोठी गफलत मला एका हरभऱ्याच्या रानाने दाखवली. गेली पंचवीस वर्षं मी या फुगवट्याच्या काठाने मोजणी करतोय, आणि त्या एका सकाळनंतर माझी वही बदलली.

जानेवारीचा महिना होता. दिक्सळच्या बाजूला पाणी मागे सरकलं की लोक गाळपेर करतात. अशाच एका गाळपेराच्या तुकड्यात हरभरा वीतभर झाला होता. रानाचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना आप्पा म्हणत. मी काठावर दुर्बिणीचा स्टँड लावत होतो, तेव्हा ते म्हणाले, “सर, तुमचे पाव्हणे रात्री जेवून गेलेत. या, दाखवतो.” दव अजून होतं. वाकून बघितलं तर हरभऱ्याचे शेंडे कात्रीने उडवावेत तसे तुटलेले. शेळी तोडते तेव्हा फाटा ओढला जातो, मूळ हलतं. इथे झाड जागच्या जागी होतं, फक्त शेंडा नव्हता. ओळींच्या मधे बोटाएवढ्या हिरवट लेंड्या, फोडल्या तर आत नुसता गवतासारखा चोथा, आणि एका टोकाला पांढरा ठिपका. ओल्या गाळात पडद्याच्या पायांचे ठसे एकमेकांवर पडलेले. पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, लडाख-तिबेट-मंगोलियातल्या तलावांकाठी अंडी घालणारा आणि हिमालय ओलांडून इथे येणारा हंसाचा भाऊबंद. तीन हिवाळे मी त्याची नोंद ‘पाणी’ या रकान्यात करत होतो, कारण मी पोचायचो तेव्हा तो चिखलाच्या उंचवट्यावर मान पाठीत खुपसून झोपलेला असायचा. ‘शेत’ या रकान्यात त्याच्यापुढे तीन वर्षं शून्य होतं.

त्या संध्याकाळी आप्पांबरोबर बांधावर बसलो. दिवस बुडाला, पाण्यावरचा उजेड विझत आला आणि मग तो नाकातून आल्यासारखा खर्जातला आवाज यायला लागला. एक रांग, मग दुसरी. थेट आमच्या डोक्यावरून पलीकडच्या गव्हात उतरले. मी आप्पांना विचारलं, नुकसान होतं का? ते म्हणाले, “हरभऱ्याचा शेंडा तर आम्हीच खुडतो, भाजीला. त्यांनी खुडला तर फांद्या फुटतात. पण गव्हात रोज बसले तर मग हाकलावं लागतं.” दोन वाक्यांत त्यांनी मला सांगितलं की पक्षी आणि पीक यांचा हिशेब पिकागणिक वेगळा असतो.

तेव्हापासून मी पाणी आणि शेत वेगवेगळं मोजतो, पण त्यांना वेगवेगळं समजत नाही. पट्टकादंब पाण्यावर झोपतो आणि रानात जेवतो. गायबगळा उलटा: दिवसभर गुरांमागे आणि नांगरामागे, संध्याकाळी पाण्यात उभ्या बाभळींवर. भिंगऱ्या दिवसभर पिकावरचे किडे टिपतात आणि रात्री पाणकणसात हजारोंनी बसतात. चित्रबलाकाला तर तिसरी जागा लागते. त्याचं घरटं इंदापूर गावातल्या चिंचांवर किंवा भादलवाडीच्या तळ्यातल्या बाभळींवर, आणि पिल्लांचा घास उजनीच्या उथळ पाण्यातला. त्याचा अधिवास कोणता लिहाल? तळं, चिंच की धरण? तिन्हीपैकी एक गेलं तर बाकीची दोन असून उपयोग नाही.

उजनीच्या बाबतीत पाण्याची पातळी ही गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती न लिहिलेली मोजणी मी वाचतसुद्धा नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक, ६३-६४ टीएमसी, मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पातळी त्याच्याही खाली गेली की आकडा उणे लिहितात. म्हणून तर उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात तो आकडा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. पाणी असं आटलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारा हा उतारच पक्ष्यांसाठी पान वाढत जातो. ऑक्टोबरात धरण तुडुंब असतं, पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला लागलेलं असतं. उथळ काठच नसतो. तेव्हा पाणकावळे आणि टिबुकल्या सोडल्या तर फारसं कोणी नाही. पुढे पाणी उतरायला लागतं. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला जमिनीला उतार इतका कमी आहे की पाणी फूटभर खाली गेलं तरी लांबच लांब चिखलपट्टा उघडा पडतो. नुसत्या ओल्या चिखलावर चिखल्या आणि तुतवार, घोट्याएवढ्या पाण्यात शेकाटे, त्यापुढे थापट्या आणि तलवार बदकं, आणखी खोलात लांब पायांचे रोहित. ज्याचा पाय आणि चोच जेवढी, तेवढं त्याचं पाणी. धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं त्या वर्षी रोहित उशिरा दिसतात. लोक म्हणतात यंदा पक्षी रुसले. ते रुसलेले नसतात, त्यांना उभं राहायला जागा नसते.

आणि पाण्यामागोमाग माणूस येतो. उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, गहू, मका, कुठे कलिंगड. म्हणजे एकच जागा ऑक्टोबरात जलाशय, डिसेंबरात चिखल, जानेवारीत हरभऱ्याचं रान आणि एप्रिलात भेगाळलेली मोकळी जमीन. त्या उघड्या बेटांवर मग नदी सुरय आणि छोटी आर्ली अंडी घालतात. आता सांगा, मोजणीसाठी उभं राहायचा हा बिंदू ‘पाणथळ’चा की ‘शेता’चा? नकाशावर एकदा रेघ मारून ठेवलीत तर तुमचा तक्ता दर महिन्याला खोटा बोलेल. रेघ मारूच नका. प्रत्येक बिंदूपुढे त्या दिवशी पाण्याची कड किती मीटरवर होती ते लिहा, आणि तिथे काय होतं ते: पाणी, चिखल, कोणतं पीक, किती उंच. धरणाचा रोजचा साठा वर्तमानपत्रात येतो, तोही वहीत चढवा. वर्षभराने या एका सवयीतून तुम्हाला जे दिसेल ते महागड्या दुर्बिणीतूनही दिसणार नाही.

नांदूरमध्यमेश्वरला हेच वेगळ्या रूपात आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला, २०१९ साली. पण चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण पाण्यावरून जरा वर उचलली की ऊस, कांदा, गहू. तिथली संख्या समजायची तर ते मळेही मोजावे लागतात. आणि पार पूर्वेला, गोंदियात, सारस तर धानाच्या बांधीतच घरटं करतो. तिथे पाणथळ आणि शेत हे दोन शब्दच वेगळे उरत नाहीत.

उसाबद्दल तुम्ही थेट विचारलंत, तर माझं उत्तर: ऊस एकटा गुन्हेगार नाही, पण त्याच्याबरोबर जे येतं आणि त्याच्यामुळे जे जातं, त्याने पक्षी कमी झाले आहेत.

आधी एक सावधगिरी. उसात पक्षी दिसत नाहीत, याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही. बारा महिन्यांच्या फडात दहा पावलांपलीकडे नजर जात नाही. वटवट्या, भारद्वाज, मुनिया, सुगरण, काठाला पाणकोंबडी हे सगळे त्यात असतात. तोड सुरू झाली की ते लक्षात येतं. कोयत्यांची रांग जसजशी पुढे जाते तसतसा फड आक्रसतो आणि आतलं सगळं उरलेल्या पट्ट्यात गोळा होतं. मागे मोकळ्या झालेल्या पाचटावर गायबगळे, साळुंक्या, कोतवाल आणि वर शिक्रा. त्या दोन दिवसांत त्या एका एकरात जेवढे पक्षी दिसतात तेवढे आधीच्या दहा महिन्यांत दिसत नाहीत. म्हणून उघड्या ज्वारीच्या रानातले आकडे आणि उभ्या उसातले आकडे सरळ शेजारी ठेवू नका. दोन्हीकडे फक्त काठापासून ठरावीक अंतरापर्यंतचे पक्षी मोजा आणि ऐकू आलेले वेगळे लिहा.

एवढं जमेस धरूनही फरक उरतोच. ऊस वर्षभर एकसारखा हिरवा असतो, आणि रानातल्या पक्ष्यांना एकसारखेपणा चालत नाही. पूर्वी याच पट्ट्यात खरिपात बाजरी-मटकी, रब्बीत मालदांडी ज्वारी, करडई, हरभरा, आणि मधे काही रानं पडीक. कुठे दाणा, कुठे किडा, कुठे उघडी जमीन, कुठे ताटांचा आडोसा. भोरड्या ऑगस्ट-सप्टेंबरात मध्य आशियातून येतात. ज्वारी हुरड्यात आली की त्यांचे ढग उतरायचे आणि पोरं माळ्यावर गोफण घेऊन उभी राहायची. शेतकरी त्यांना शिव्या द्यायचा हे खरं, पण त्याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात. आज ज्वारी घटली तशी ती हाळीही माझ्या भागात ऐकू येत नाही.

पाणी देण्याची रीत बदलली, तीही लक्षात घ्या. पाटाने पाणी असताना दारं धरायला गेलेल्या माणसाच्या मागे एक जत्रा असायची. पाणी सरीत शिरलं की भेगांतून रातकिडे, गोगलगायी, गांडुळं वर येतात. त्यावर बगळे, काळे शराटी, धोबी, टिटव्या. ते भिजलेलं रान म्हणजे दोन दिवसांची पाणथळ जागाच असते. ठिबक आलं आणि ती जत्रा मोडली. मी ठिबकच्या विरोधात नाही. उणे ६० टक्के बघितलेला माणूस पाणी वाचवण्याच्या विरोधात कसा असेल? पण तुमच्या शेतातले बगळे कमी का झाले, याचं एक कारण मुलांना कळायला हवं. शेततळ्याचंही तसंच. कागद अंथरलेलं, उभ्या काठाचं शेततळं म्हणजे पाण्याची टाकी आहे. त्याला उथळ कड नाही, चिखल नाही, गवत नाही. शेकाट्याने उभं कुठे राहायचं?

आणि बांध. माझ्या मते शेतातल्या पक्ष्यांचा निम्मा जीव बांधात आहे. बाभूळ, बोर, लिंब, तरवड, रुई, घायपात आणि मधे न कापलेलं गवत असा दोन हात रुंद बांध असेल, तर त्यावर खाटीक आहे, वेडा राघू आहे, सातभाईंची टोळी आहे, गवतात तित्तर आहे, बाभळीच्या ढोलीत पिंगळा आहे. वाटण्या होत गेल्या, यंत्रं आली, आणि बांध कोरत कोरत वीतभर राहिले किंवा जेसीबीने सपाट झाले. तुमच्या मुलांनी फिरलेल्या मळ्यांत तुम्ही बांध मोजले नाहीत. पुढच्या वेळी तेवढं कराच: प्रत्येक बिंदूभोवती बांधाची रुंदी किती, त्यावर झाडं किती. २६ जातींपैकी किती बांधावर दिसल्या आणि किती पिकात, हा एकच प्रश्न घेऊन वर्षभराचा प्रकल्प होईल. माझ्या वह्यांत बहुतेक सकाळी बांधाचं पारडं जड निघतं, आणि बांधाची जमीन पिकाच्या मानाने असते ती चिमूटभर.

नीलपंखाचं उदाहरण घ्या. तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून खाली उघड्या जमिनीत हललेला किडा टिपणारा हा पक्षी. त्याला बसायला उंच जागा, समोर मोकळी जमीन, जमिनीत किडे आणि घरट्याला ढोली हवी. ऊस यातली मोकळी जमीन घेतो, जेसीबी ढोलीचं झाड घेते, विष किडे घेतं. २०२३ साली देशभरच्या पक्ष्यांचा जो अहवाल निघाला, त्यात नीलपंखाची घट ठळकपणे नोंदली आहे. त्या अहवालात ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, आणि त्यातल्या २०४ घटत्या निघाल्या. मुलांना मुद्दाम सांगा की त्यामागच्या तीन कोटींच्या आसपास नोंदी साध्या हौशी लोकांनी केलेल्या होत्या, हजारो गावांतून, अशाच वह्यांतून आणि मोबाइलवरून.

विषाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही. फक्त एक: बीजप्रक्रिया केलेलं बी बांधावर, रस्त्यावर सांडू देऊ नका, सांडलं तर मातीत गाडा. होला आणि चिमणी ते वेचतात, आणि ते लेप दिलेले चार दाणेसुद्धा लहान पक्ष्याला पुरतात.

आता मोजणी. शेतात १० बिंदू ठरवा, एकमेकांपासून किमान २५० मीटर, आणि ते गावच्या पिकांच्या प्रमाणात असू द्या. सगळे वाटेलगतचे घेऊ नका. प्रत्येक बिंदूवर आधी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग दहा मिनिटं ५० मीटरच्या आतले पक्षी मोजायचे. वरून नुसते उडत गेलेले वेगळे. मुलांना ५० मीटर आधी शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून दाखवा, नाहीतर प्रत्येकाचे ५० मीटर वेगळे असतात. एका गटात चारपेक्षा जास्त मुलं नकोत. पाण्यासाठी काठाचे ठरावीक टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा एकाच जागेवरून, सूर्य पाठीशी ठेवून मोजा. मोठा थवा असला तर आधी नीट दहा मोजा, दहा म्हणजे किती दिसतात ते डोळ्यांत भरून घ्या, मग शंभराचा ठोकळा बांधा आणि तो ठोकळा थव्यावर सरकवत जा. दोघांनी स्वतंत्र मोजून शेवटी आकडे ताडून बघायचे. सुरुवातीला दुपटीचा फरक येतो. पाचव्या रविवारी तो पुष्कळ कमी होतो.

एक रविवार पाण्याने सुरू करा, पुढचा शेताने. दोन गट असतील तर दोन्हीकडे एकाच वेळी. वर्षातून किमान चार फेऱ्या: पाऊस चालू असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जानेवारीत आणि एप्रिलअखेर. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या वाढदिवसांना जोडणारा. एक फेरी त्यात बसते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तुमचे पाण्याचे आकडे त्यातही जातील. शेताच्या आकड्यांना तशी ठरलेली जागा नाही, म्हणून ते ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा, प्रत्येक बिंदूची यादी वेगळी. आणि तुलना करताना सारख्या श्रमांची करा: दहा बिंदू, शंभर मिनिटं, इकडेही तितकीच, तिकडेही तितकीच. तीन तास पाण्यावर आणि दोन तास मळ्यात अशी तुलना करू नका.

टिटवीबद्दल मुलांना वेगळं सांगा, कारण ती त्यांना एप्रिल-मेच्या फेरीत नांगरटीत सापडेल. डोक्यावर ओरडत फेऱ्या मारायला लागली की पाय टाकताना खाली बघायचं. अंडी बहुधा चार, टोकं आतल्या बाजूला, रंग ढेकळाचा. दोन हातांवरूनही दिसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी पळसदेवजवळ एका तरुण शेतकऱ्याने रोटाव्हेटर मारताना मला फोन केला, “सर, टिटवी उठंना, काय करू?” मी म्हटलं, चारी बाजूंनी दोन-दोन हात सोड आणि काठी रोव. त्याने काठीला जुन्या गमछ्याची चिंधी बांधली आणि रोटाव्हेटर वळवून नेला. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला: काळ्या भुसभुशीत रानाच्या मधोमध एक न मोडलेला चौकोन, त्यात ती बसलेली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्याने तिथे पेरणी केली नाही. मुलांना अंडं हातात घेऊ देऊ नका, फोटोसाठी उभं राहू देऊ नका. मे महिन्याच्या उन्हात आई दहा मिनिटं बाजूला राहिली तरी अंडं तापतं.

मुलांची ही वही टिकावी असं मला मनापासून वाटतं. या फुगवट्याच्या पाण्यावरचे आकडे पुष्कळ जणांकडे आहेत, कॅमेरे घेऊन येणारे सगळे पाण्याकडेच तोंड करून बसतात. मळ्याचे, बांधाचे, गाळपेराचे आकडे जवळजवळ कोणाकडे नाहीत. ते रोज तिथे राहणाऱ्यांनाच घेता येतील.

म्हणून पुढच्या रविवारची वाट बघू नका. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर चार-पाच मुलं घेऊन काठाजवळच्या हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या बांधावर जा, रानाच्या मालकाला विचारून. साडेपाचपर्यंत बसलेले असा, पाण्याकडे तोंड करून, बॅटरी बंद. दिवस बुडाल्यावर पाऊण तास उठायचं नाही. काय वरून गेलं, कुठून कुठे गेलं, किती, आणि कोणत्या रानात उतरलं, एवढंच लिहायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याच रानात जाऊन शेंडे बघा, लेंड्या बघा. मग तो डिसेंबरातला तक्ता पुन्हा मुलांसमोर ठेवा आणि ‘शेत’च्या रकान्यात काय भरायचं ते त्यांनाच विचारा.